कोपर

नजीरचाचानं बांधलेल्या बांबूच्या कामट्यांची गाठ डॉक्टरांनी कात्रीनं कापली, तेव्हा चाचानं तोंड फिरवलं. शिरूर अनंतपाळच्या आसपास कुणाचं हाड मोडलं की माणूस त्याच्याच दारात यायचा. चाळीस वर्षांत त्यानं मारलेली गाठ दुसऱ्या कुणी सोडली नव्हती. आज सोडली, तीही एका कुत्र्यासाठी!

कुत्रा शरणम्माचा. दुष्काळानं लांडगे पार गावाला येऊन भिडले होते. भुऱ्या होता म्हणून तिच्या अकरा शेळ्या शाबूत होत्या. लांडग्यामागं पळता पळता तो कोरड्या विहिरीत पडला आणि पुढच्या पायाचं कोपर मोडलं. चाचानं पाय सरळ ताणून करकचून बांधला. चार दिवसांत पंजा सुजून टम्म! मग दोघं त्याला घेऊन लातूरला आले. जिल्हा नवा, जनावरांचा दवाखाना नवा, नळ तेवढा कोरडा. शरणम्मानं प्यायला आणलेली घागर डॉक्टरांच्या हातावर रिती केली.

"हाड मधोमध मोडलं असतं तर तुमच्या कामट्या पुरल्या असत्या, चाचा," डॉक्टर म्हणाले. "हा सांधा आहे. तुकडा स्क्रूनं आवळायचा आणि सांधा हलता ठेवायचा. बांधून ठेवला तर पायाची काठी होते."

"हलवायचा?" चाचा उखडलाच. "आमच्यात तीन महिने हलू देत न्हाईत!"

धरायला माणूस नव्हता. गुंगीतल्या भुऱ्याला चाचानंच धरलं, एका हातानं. त्याचा डावा हात कोपरात वळत नसे. सातव्या वर्षी चिंचेवरून पडला होता, नशीब, म्हणायचा.

दीड तासानं टाके पडले. डॉक्टरांनी पाय हळूच दुमडला. पंजा खांद्याकडे गेला, पुन्हा सरळ झाला.

"चालंल की वो!" शरणम्माला रडू आवरेना.

"परवापासून रोज दहा वेळा असं करायचं. हात हलका हवा. कोण करणार?"

"म्या करतो," चाचा म्हणाला. "दावा एकदा."

डॉक्टरांनी पाय त्याच्या हातात दिला. चाचानं तो दुमडला, सरळ केला. पुन्हा दुमडला. मग तसाच धरून राहिला.

"माझा हात अब्बानंच बांधला व्हता, डाक्टर," तो म्हणाला. "तीन महिने. लई मायेनं."