सहाच्या खालचा फोटो

"तीन गुण," कॅमेरा म्हणाला. "हसू डावीकडे ओघळलं आहे, मागे कुकर आला आहे. सहाच्या खालचा फोटो ठेवता येत नाही. तीस सेकंदांत पुसला जाईल. हरकत असल्यास कारण सांगा."

माधवराव टिकेकरांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. जबड्याच्या ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी वत्सलाबाई आज पहिल्यांदा हसल्या होत्या, तेही नवऱ्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागली म्हणून.

"अरे, बायको हसली आहे माझी!"

"हे कारण यादीत नाही. प्रकाश, रचना किंवा क्षण, यांपैकी बोला."

"मग क्षण!"

"क्षण चुकला. दोन सेकंदांनी तोंड मिटलं होतं, तेव्हा टिपायला हवं होतं. तुमच्या प्रगतीसाठीच सांगतो. अकरा सेकंद."

"जाऊ द्या हो," वत्सलाबाई म्हणाल्या. "आरशात मलाही तीनच मिळतात."

माधवरावांचं डोकंच फिरलं. पण वीस वर्षं फोटोक्लबात दर रविवारी टीका ऐकून एक गोष्ट त्यांना पाठ झाली होती. कुठल्या चुकीला काय म्हटलं की ती चूक राहत नाही, ती गोष्ट. त्यांनी घसा खाकरला.

"हे व्यक्तिचित्र नाहीच. विभाग बदल. अमूर्त. शीर्षक, 'कुकर आणि पोकळी'."

कॅमेरा प्रथमच अदबीने म्हणाला, "धाडसी! नऊ गुण. ठेवला आहे."

माधवरावांनी फोटो वत्सलाबाईंपुढे धरला.

"चाळीस वर्षांचा संसार," वत्सलाबाई म्हणाल्या, "आणि नाव दिलंत ते कुकरचं!"