फरीगदग्याचा शनिवार

बहात्तरच्या दुष्काळात काष्टीची तालीम ओस पडली. पोरं खडी फोडायला गेली. मच्छिंद्र वस्तादानं मात्र नेम मोडला नाही. लाठी, पट्टा, बोथाटी, प्रत्येक खेळाला त्याचा वार ठरलेला होता.

शनिवार फरीगदग्याचा. त्याला समोर ढाल-काठी घेतलेला जोडीदार लागतो. उजव्या हाताची करंगळी तुटलेला जोडीदार बन्सी शिमग्यात वारला, तरी वस्ताद रिकाम्या मातीला सलामी देऊन एकटाच खेळायचा. शेवटी हात मिळवल्याशिवाय खेळ मिटत नसे. पण मिळवणार कुणाशी?

एका शनिवारी त्याच्या ढालीवर टक्कन वाजलं. पुढच्या शनिवारी मनगट सुजलं.

“आवं, एकटं खेळून मार कसा लागला?” बायकोनं, गोजरबाईनं, हळद लावता लावता विचारलं.

आज शनिवार असूनही त्यानं ढाल काढलीच नाही, लाठी घेतली. मागं खुंटीवरची ढाल वाजायला लागली. थांबेचना.

वस्ताद ढालीकडं वळला. मग ध्यानात आलं, बन्सी गेल्यापासून आपण एकदाही खेळ मिटवला नव्हता.

“बास झालं, बन्सी गड्या,” म्हणत त्यानं हात पुढं केला.

ढाल गप्प झाली. तळव्यात मातीनं भरलेला हात आला. वस्तादाला हायसं वाटलं, तोच त्या हातानं पकड आवळली.

बोटं पाचही होती.