पायथ्याशी बसणारा माणूस

आई रोज सकाळी चहा पिताना तेच स्वप्न सांगायची. "खिडकी अलगद उघडते गं, आणि एक माणूस माझ्या पायथ्याशी येऊन बसतो."

मी स्वप्नफलाचं पुस्तक काढायचे. 'अनोळखी पुरुष दिसणे : घरी पाहुणा येईल.' आईने हौसेने उशांना नवे अभ्रेसुद्धा शिवले.

घरातल्या खिडक्या फार करकरतात म्हणून आज सुताराला बोलावलं. आईच्या खोलीतली खिडकी मात्र त्याने उघडली तरी हूं की चूं नाही.

"हिला तेल तुम्ही घातलंत?"

"छे! कुणीच नाही."

त्याने बिजागरीवरून फिरवलेलं बोट माझ्यापुढे धरलं. "ताजं आहे, ताई. आणि बाहेरच्या बाजूने घातलंय."

नवा आवाज ऐकून आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आले का गं पाहुणे?"