मागची सीट

नेत्रा गाडीतून उतरायला तयार नव्हती.

"अगं, तुझ्या डॉक्टरांनी ओके दिलंय ना?" सुशांत दार धरून उभा होता. "एक चक्कर मारू आणि निघू."

समोर न्यू मेक्सिकोचं वाळवंट रणरणत होतं. जगातला पहिला अणुबॉम्ब इथे फोडून पाहिला होता, आणि आता वर्षातून एकदा ती जागा लोकांसाठी उघडतात. लोकही हौशी. कुणी तान्ही पोरं घेऊन आलं होतं, कुणी हॉट डॉग खात सेल्फी काढत होतं. नेत्राला पाचवा महिना चालू होता. आधीचं एक टिकलं नव्हतं, त्यामुळे या खेपेला तिला जोरात शिंकायचीही धास्ती वाटायची. पण सासऱ्यांना नाही म्हणायचं कसं?

प्रल्हादराव नागपूरला जन्मभर फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. अमेरिकेत शुगर लँडला मुलाकडे आल्यापासून त्यांनी याच एका जागेचा ध्यास घेतला होता.

"अगं बेटा, विमानाच्या प्रवासात याहून जास्त रेडिएशन मिळतं," ते म्हणाले. समोर एक जरी माणूस सापडला, तरी त्यांचा तास सुरू व्हायचा.

शेवटी ती उतरली. ओढणी नाकाला लावून, कशालाही हात न लावता, ती स्फोटाच्या जागी उभारलेल्या दगडी खांबापर्यंत जाऊन आली. रत्नाबाई, तिच्या सासूबाई, पार मागून येत होत्या. नेत्रा थांबली की त्याही थांबायच्या.

हे तर आता रोजचंच झालं होतं.

सुरुवातीचे दिवस किती छान गेले होते. रत्नाबाई तिच्याच कपातला उरलेला चहा पिऊन टाकायच्या, तिच्या केसांना तेल लावून द्यायच्या. चौथा महिना सरल्यावर नेत्राने बाळाची बातमी सांगितली, आणि त्याच आठवड्यात सगळं फिरलं. रत्नाबाई नेत्राच्या हातचं खाईनात. मिठाचा वेगळा पुडा आणून आपला भात आपणच शिजवू लागल्या. या बुधवारी त्यांची भाची चैत्राली त्यांना शॉपिंगला म्हणून घेऊन गेली. परत आल्या त्या हात हलवत, आणि तेव्हापासून ताट वेगळं, टॉवेल वेगळा, झोपायची खोलीही वेगळी. नेत्राने त्यांचा पेला उचलला तर चक्क ओरडल्या. पोटावर हात ठेवणं तर दूरच.

लग्नाच्या वेळी सून बौद्ध म्हणून घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती, हे नेत्राला माहीत होतं. ते मागे पडलं असं ती धरून चालली होती. तिच्या आजीसाठी मालकिणीच्या घरी कान तुटलेला कप वळचणीला ठेवलेला असायचा. अमेरिकेत, डिशवॉशर असलेल्या घरात, तोच कप आपल्या वाट्याला यावा? आणि तोही बाळाच्या निमित्ताने?

"आईचं हल्ली असंच चाललंय यार," एवढंच सुशांत म्हणायचा. नेत्रा रात्री रडायची, सकाळी डोळे धुऊन 'आई, चहा?' विचारायची. दुसरं काय करणार होती ती? अशा गोष्टी विचारता येत नाहीत. विचारल्या तर सगळे नाहीच म्हणतात.

या सहलीलाही रत्नाबाई येणार नव्हत्या. "मी राहते घरी एकटी," म्हणत होत्या. प्रल्हादरावांनी ऐकलं नाही. मग सात सीटच्या भाड्याच्या गाडीत त्या अगदी शेवटी बसल्या, पुढे बॅगांची भिंत रचून घेतली आणि गळ्याला रुमाल गुंडाळून आंबट गोळ्या चघळत राहिल्या. गळ्यावर मागच्या वर्षीच्या ऑपरेशनचा व्रण होता. साधी गाठ होती, असं सगळ्यांना सांगितलेलं.

परतताना प्रल्हादरावांच्या हौसेखातर वेगळा रस्ता धरला, एल पासोवरून. पुढे हायवेवर सीमा पोलिसांचा तपासणी नाका लागला. सुशांतने पासपोर्ट काढून ठेवले. हिरव्या गणवेशातला अधिकारी खिडकीशी आला, आणि त्याच्या पट्ट्यावरचं यंत्र पिकपिक करू लागलं.

"गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला. "रेडिएशन दाखवतंय."

धूळ. बुटांना लागलेली, केसांत बसलेली, नाकातून आत गेलेली. नेत्राने दोन्ही हातांनी पोट धरलं.

एकेकाला उतरवून यंत्र फिरवलं. प्रल्हादराव, काही नाही. सुशांत, काही नाही. नेत्राने डोळे मिटले. यंत्र तिच्या बुटांवरून, गुडघ्यांवरून, पोटावरून गेलं. गप्प राहिलं. तिला तिथेच रडू फुटलं.

मग बॅगा बाजूला सारून रत्नाबाई उतरल्या, आणि यंत्र थांबेचना.

अधिकाऱ्याने हातातलं यंत्र खाली केलं. त्याला हे नवं नसावं. "मॅम," त्याने हळू आवाजात विचारलं, "कॅन्सरसाठी रेडिओॲक्टिव्ह गोळी घेतलीत का?"

रत्नाबाईंनी होकारार्थी मान हलवली. "वेन्सडे," त्या म्हणाल्या. "त्याआधी बिनआयोडीन मिठाचं पथ्य होतं. घरी माहीत नाही. सून प्रेग्नंट आहे."

सुशांतने ते अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. नेत्रा मात्र त्यांच्याकडे धावली. रत्नाबाई दोन्ही हात पुढे करून मागे सरकल्या, गाडीला पाठ टेकेपर्यंत.

"थांब तिथेच," त्या म्हणाल्या. "मला शिवू नकोस गं. बाळ आहे."