डावं दार

"काकू, विकून टाका. कंपनीनंसुद्धा ही गाडी दोन वर्षांत बंद केली होती," बॉनेटमधून डोकं बाहेर काढत मेकॅनिक म्हणाला.

"वीस वर्षं मी हेच सांगतेय. सगळी गल्ली हिला बेडूक म्हणते." काकूंनी त्याच्या हातात चहा दिला. काका बेडकाच्या टपावर फडकं फिरवत राहिले.

"ठेवायचीच असेल तर इंजिन उतरवावं लागेल. शिवाय हे डावं दार आतून उघडत नाही."

"मीच उतरून, वळसा घालून उघडतो हिच्यासाठी," काका ओशाळले. "लग्नाला गेलो की कार्यालयासमोर हिच्या सगळ्या जावा टक लावून बघतात. लाज वाटते."

काकूंनी पदर खोचला. "उतरव इंजिन. पण त्या दाराला हात लावलास, तर याद राख!"