खडूची खूण

दिवसभर हळदीचे ड्रम दुरुस्त करून तातेराव पार थकले होते. पाठीत सकाळपासून ठणका होता. मंजुळाबाईंचा हा शेवटचा ड्रम.

हळद पॉलिश करायचा तो लोखंडी ड्रम रिकामा फिरतानाही थरथरायचा. तातेरावांनी मोबाइल सांगाड्याला बांधला. पडद्यावर एक रेघ उंच उठली. हादरा केवढा ते रेघ सांगायची; फेऱ्यात तो कुठं येतो ते खडू सांगायचा. त्यांनी फिरत्या ड्रमजवळ खडू धरला. जड बाजू बाहेर झुकून खडूला घासली, तिथं पांढरा ओरखडा उमटला.

तोल साधायला ड्रमच्या समोरच्या अंगाला वजन बांधून त्यांनी पुन्हा खडू धरला. रेघ तेवढीच उंच. ओरखडा मात्र दुसरीकडंच.

"जडपण जागा बदलून राहिलं व्हय?" मंजुळाबाई हसल्या.

"बदलू द्या. माझ्यात आता दम न्हाई."

तातेरावांनी बटण बंद केलं. ड्रम थांबला, पण रेघ खाली येईना. त्यांनी मोबाइल सोडवून जमिनीवर ठेवला, तशी रेघ आडवी झाली. हातात घेतला, की पुन्हा तेवढीच उंच.

त्यांनी ड्रम हातानं फिरवून सगळीकडून पाहिला. त्यावर एकही ओरखडा नव्हता.

"उद्या बघू," म्हणत ते पिशवी उचलायला वाकले. पाठ एका अंगाला ओढल्यासारखी झाली.

मागं मंजुळाबाईंचं हसू थांबलं.

"तातेराव, तुमच्या पाठीवर खडू कोनी ओढला?"