आंब्याच्या बुडातली माती

कंपनीची सकाळची बस गेटात थांबली, तनुजा उतरली आणि सोपानरावांचं बोट नेहमीसारखं पुढं आलं. बोटाला माती. गेटाशेजारच्या आंब्याच्या बुडातली. आज मात्र तनुजानं डोकं मागं घेतलं.

“आबा, नको.”

सोपानराव तिचे आजोबा, आणि याच कंपनीच्या गेटावरचे वॉचमन. कंपनी त्यांच्याच रानावर उभी. चाकणची एमआयडीसी वाढत गेली तसा सगळा मळा गेला, राहिला हा एक आंबा. तोही साहेबांना सावली बरी वाटली म्हणून. मुलानं रावेतला चांगला मोठा फ्लॅट घेतलाय, पण आबांना तिथं करमेल तर शपथ! खाकी चढवायची आणि आपल्याच रानाची राखण करायला यायचं, असा त्यांचा खाक्या.

रानात पाऊल टाकायच्या आधी मातीचं बोट कपाळाला लावायचं, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. पूर्वी आख्खं घर लावायचं. भुईमूग उपटायला आलेल्या बायांनासुद्धा सोपानराव सोडायचे नाहीत. आता रान नाही, बाया नाहीत. उरली एक नात. पोरगी एवढी शिकली आणि फिरून याच जागेवर कामाला आली, याचं म्हाताऱ्याला कोण कौतुक!

“का गं? घाई हाय का?”

कसं सांगायचं, हेच तनुजाच्या डोक्यात बसमध्ये घोळत होतं. शेवटी तिनं हातातला डबा कट्ट्यावर ठेवला आणि सांगून टाकलं.

आत काचेच्या बंद खोलीत मंगळावर उतरणाऱ्या यानाची एक पेटी तयार होत होती. ती स्वच्छ ठेवायची जबाबदारी तनुजाची. स्वच्छ म्हणजे आपण घर झाडून-पुसून ठेवतो तसं नव्हे. डोळ्याला न दिसणारा जीवसुद्धा तिथं खपत नाही. आणि दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा पेटीवर मातीतला एक चिवट जंतू निघाला. पुन्हा निघाला तर काम काढून दुसऱ्यांना देणार, असं वरून बजावलं होतं. तनुजानं सगळी खोली पालथी घातली. सगळ्यांचे हात, टोप्या, बूट तपासले. तिच्या हाताखालचा प्रितम तर बिचारा घाबरून दोन-दोनदा अंघोळ करून यायला लागला. शेवटी तिनं स्वतःलाच तपासलं. काल निकाल आला. जंतू तिच्याच कपाळावर, केसांच्या कडेला. माती ती रोज पुसायची, तोंड धुवायची, पण तेवढ्यानं तो जातोय कसला!

“म्हंजी माझ्यापायी?” सोपानरावांचा चेहरा पडला.

“तुमच्यामुळं नाही हो. मीच बावळट, माझ्या आधी लक्षात यायला पाहिजे होतं.”

“पर गेला येखादा जंतू, तर काय व्हतंय? मंगळावर हाय कोन वरडायला?”

“आहे की नाही, तेच तर माहीत नाही ना, आबा! म्हणून तर नियम आहे. तिथं कुणी जिवंत आहे का, हे कळायच्या आत आपलं काही तिथं सोडायचं नाही. उद्या काही सापडलं, तर ते तिथलं की चाकणचं, कसं ओळखायचं? आणि असलंच कुणी बारीकसारीक, तर आपलं जाऊन त्याच्या जिवावर उठायचं. सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय.”

“समद्या देशांनी?”

“हो.”

सोपानराव समोरच्या शेडकडं बघत राहिले. त्या जागी विहीर होती. तिच्या कपारीत पारवे घुमायचे, बांधाला मुंगसाचं बीळ होतं, पावटा फुलला की मधमाश्यांमुळं रानात शिरता यायचं नाही. काय दिवस होते ते!

“आदी कोन ऱ्हातंय ते बघायचं, मग पाय टाकायचा,” ते म्हणाले. “ब्येस नियम हाय. लई ब्येस.”

बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना नियम खरंच पटला होता.

“पेटी जाईपर्यंतच, आबा. मग पुन्हा लावा.”

त्यांनी बोट पुसायला रुमाल काढला. पण पुसवेना.

“तुला ठावं न्हाई, बाय. तू ल्हान व्हतीस. तुझी आजी, रंभा, गेली तवा समदे म्हनले, राख इंद्रायणीत सोडा. म्या न्हाई सोडली. ह्या आंब्याच्या बुडात घातली. सारा जलम हितंच राबली, ती आनिक कुटं जानार? तिचा हात लागावा तुला, म्हनून लावत व्हतो.”

तनुजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजी तिला नीट आठवतही नव्हती. आठवत होता भाजलेल्या शेंगांचा वास आणि गालावरून फिरलेला एक खरखरीत हात. तीच आजी रोज तिच्याबरोबर आत येत होती, एकेक दार ओलांडून थेट पेटीपर्यंत जात होती. आणि आपण तिलाच हुडकून काढलं! तनुजाला फार वाईट वाटलं.

“मी साहेबांना सांगते,” ती म्हणाली. “मला हे काम नको. दुसरं कुठलंही द्या म्हणते. तुम्ही लावा बोट.”

“खुळी का काय तू!” सोपानराव ओरडले आणि लगेच हसले. डोळे मात्र भरून आले होते. “आगं, रंभा कवा आळंदीच्या पल्याड गेली न्हाई, अन् आता थेट मंगळावर निगालीया! उतरव तिला, पोरी. आळंदीपतुर जाताना बी यष्टी लागायची तिला.”